बाहेरची पाटी

पाठीमागून कुणी विचारलं, "ताई, झालं का?" की ती वळून बघायची नाही. डावा तळहात खांद्याच्या वर उचलायची, रिक्षावाल्याला थांब म्हणतात तसा, आणि म्हणायची, "आलं की कळंल."

हिंगोलीत मोबाईलच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार खुर्च्या आणि वर तापणारा पत्रा. प्रोग्राम ती लिहायची. वायरी ओढणं, भिंतीला टीव्ही ठोकणं आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणं हे माझं काम. ती वयानं माझ्याहून लहान, पण तिला सगळे ताईच म्हणायचे. मीही.

तिचं ते वाक्य नुसतं टाळायचं नव्हतं, तिचा धंदाच त्यावर चालायचा. ऑफिसात नवा कुणी आला की ती समजावून सांगायची, "कुणी आलंय का म्हणून घडीघडी दार उघडून बघता का तुमी? न्हाई ना? बेल बसवता. प्रोग्राम तसाच लिहायचा. इचारत बसायचं न्हाई. जोडणी झाली की हे कर, निरोप आला की हे कर, बंद पडलं की हे, चुकलं की हे, एवढं सांगून ठेवायचं आन् आपल्या कामाला लागायचं." दोन यंत्रांमध्ये सतत उघडी राहणाऱ्या या जोडणीला वेबसॉकेट म्हणतात. ती सांभाळणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, तिनं निवडली होती आणि तिच्याबद्दल ती अशी बोलायची, जशी एखादी बाई आपल्या हुशार जावेबद्दल बोलते. कौतुकानं, पण जरा जपून.

त्याच लायब्ररीवर तिनं दवाखान्यांसाठी नंबरची सोय केली होती. काउंटरवर बटण दाबलं की भिंतीवरच्या टीव्हीवर पुढचा नंबर येतो, आवाजही होतो. आम्ही त्याला पाटी म्हणायचो. गावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही दोन पाट्या लावल्या, एक आत हॉलमध्ये आणि एक बाहेर ओसरीत.

ती गोरेगावकडची, मुंबईच्या नव्हे, आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या. घरी मेंढरं. हे मला फार उशिरा कळलं, कारण ती सांगायची नाही. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना तिची भाषा अशी काही धुतलेली, इस्त्री केलेली असायची की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. एकदा तिचे वडील जिना चढून वर आले होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, दारात उभे. ती ताडकन उठली आणि हळूच म्हणाली, "आबा, इथं काहून आलात? खाली चला, चहा घेऊ." त्यांना आत बसवलं नाही. परत आली ती मान खाली घालून, आणि दिवसभर स्क्रीनवरून नजर उचलली नाही. तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल, की जे एकदा लाजतं आणि मग त्या लाजण्याचीच लाज बाळगत बसतं.

त्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरगावचे मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. अशाच एका दिवशी, उन्हं कलल्यावर, तिथल्या सिस्टरचा मला फोन आला.

"तुमची बाहेरची पाटी बंद पडली का हो? आतली बराबर चालू आहे. डॉक्टर निघून गेले, पण ओसरीत दोघं म्हातारे बसलेत, उठायलाच तयार नाहीत. म्हणतात, आमचा नंबर अजून आला नाही."

मी निघालो तर ताई म्हणाली, "थांबा दादा, मीबी येते. माझ्या समोर कधी बंद पडली न्हाई ती." मोटरसायकलवर मागं बसून ती अंदाज बांधत होती. लाईट गेली असंल, राउटर बंद होऊन चालू झाला असंल.

ओसरीच्या पायरीशी ती थांबली. बाकड्यावर तिची माय बसली होती आणि शेजारी आबा, एका डोळ्यावर ओला रुमाल धरून. समोर पाटीवर सकाळचाच नंबर, ठळक, हिरवा, अगदी खरा वाटावा असा.

मायनं तिला बघितलं आणि बोलायलाच लागली. "बरं झालं आलीस. मी कवाची म्हनून राहिले, आत जाऊन इचारू. समदे जाऊन राहिले. तर हे म्हनतेत, गप बस. लेकीची पाटी हाय, नंबर आला की दिसंल."

"मंग?" आबा म्हणाले. "लोकं नुसती घुसून राहिली आत. आपनबी घुसलो, तर पाटीला इज्जत काय राहिली?"

ती पायरी चढून त्यांच्यापुढं उकिडवी बसली. मग म्हणाली, "फोन काहून न्हाई केला?"

"तू कामात असतीस."

"मग ऑफिसात यायचं. दोन गल्ल्यांवर आहे."

आबांनी रुमालाची बाजू बदलली. "तिथं यायचं न्हाई, असं मी ठरवलंय. तुला तकलीफ व्हती."

मला तिथं उभं राहवेना. मी उगाच पाटीमागची वायर काढून पुन्हा लावली. नंबर झरझर पुढं पळाले आणि दिवसाच्या शेवटच्या नंबरावर जाऊन थांबले. माय म्हणाली, "आता चालू झाली बघा."

डोळ्यात दाब वाढला होता. डोकं फुटायची पाळी आली तरी आबा पाटीकडं बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती त्यांना नांदेडला घेऊन गेली. एक डोळा गेला तो गेलाच, दुसऱ्यातही दाब निघाला, त्यासाठी रोजचे थेंब दिले. तिनं तिथल्या डॉक्टरांना विचारलं, कालच दाखवलं असतं तर? ते म्हणाले, दुखणं आधीपासून अंगावर काढलंय, एका दिवसानं किती फरक पडला ते कुणीच सांगू शकणार नाही. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पडला न्हाई, असं न्हाई म्हनले ते."

परत आल्यावर आमच्या ऑफिसचे मालक तिला म्हणाले, "दवाखान्याला कळवून टाक, राउटरचा प्रॉब्लेम होता. खोटं थोडंच आहे?"

"खोटंच आहे," ती म्हणाली. "तार तुटली असती तर कळलं असतं. तार तुटल्याचा निरोप आला की काय करायचं, ते मी लिहिलं होतं. पण निरोप द्यायलाच कुणी उरलं न्हाई, तर? बेल वाजली न्हाई म्हणून मी समजले, कुणी आलंच न्हाई. बेलची वायरच मेली होती." मग खुर्चीच्या हाताकडं बघत म्हणाली, "ते लायब्ररीच्या माहितीत लिहिलेलं होतं. शांतता झाली की मधूनमधून हाक मारा, ओ आली न्हाई तर जोडणी मेली समजा. वाचलं होतं मी. म्हटलं, पुढच्या वेळी टाकू."

तिनं स्वतः जाऊन दवाखान्यात सांगितलं, चूक माझी. सिस्टर म्हणाली, जाऊ द्या हो, मशीन आहे. त्या माफीनं ती आणखीच खचली. त्याच आठवड्यात तिनं सगळ्या पाट्या बदलल्या. आता ओ आली नाही, की नंबर पुसला जातो आणि लाल अक्षरं येतात, 'पाटी बंद आहे. कृपया आत विचारा.' तिनं लिहिलेल्या प्रोग्रामात ही ओळ सगळ्यात साधी. ती लिहिताना तिनं दार लावून घेतलं होतं.

त्यानंतर तिचा तो तळहात कधी वर गेला नाही. कुणी काही विचारलं की ती लगेच उठून यायची. कुणी कामाचं कौतुक केलं की चपलांकडं बघायची. डबा आमच्याबरोबर खायची बंद झाली. दवाखान्याच्या रस्त्यानं जायचं झालं तर लांबचा फेरा मारून जायची.

एक दिवस मात्र ती जिना चढली ती आबांचा हात धरून. घोंगडं, काठी, आणि गेलेल्या डोळ्यावर काळा चष्मा. तिनं त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि आम्हा सगळ्यांना मोठ्यानं म्हणाली, "हे माझे आबा. मेंढरं राखतेत." आबा खुर्चीच्या अगदी कडेला टेकले, घोंगडं मांडीवर आवरून घेतलं, आणि कुठल्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून हात छातीशी धरून बसले. मला वाटतं, हे फार आधी व्हायला हवं होतं, हे त्या खोलीत सगळ्यांनाच कळत होतं, आणि तिला सगळ्यांत जास्त.

पुढं तिला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिनं माझा निरोप घेतला, पण डोळ्याला डोळा दिला नाही. गावाकडं ती फारशी येत नाही असं ऐकतो. पैसे येतात, फोन येतो, ती येत नाही.

मागच्या महिन्यात एका दुकानात कॅमेरे बसवायला गोरेगावला गेलो होतो. आबांच्या घरी डोकावलो. मायनं चहा टाकला. माझी कपबशी मला द्यायला म्हणून आबांच्या हातात दिली आणि तेवढ्यात फोन वाजला. तिचाच होता. आबांनी तो कानाला लावला.

"व्हय, व्हय. दिसून राहिलं की. रोज थोडं थोडं जास्तच दिसतंय. आगं, खोटं काहून बोलू? तुझ्या हापिसातले दादा आलेत, त्यांना चहा देऊन राहिलो."

बोलता बोलता त्यांनी कपबशी पुढं केली. माझ्या उजव्या बाजूला, रिकाम्या जागेत. बशी तिथंच थांबली, कुणीतरी घेईल म्हणून.

मी बाजेवर सरकत सरकत तिथपर्यंत गेलो, आणि चहा घेतला.