कार्लो हुओविलांची रांग

रोज सकाळी जिन्यावर शेजाऱ्यांची पावलं वाजली, की कार्लो हुओविला हातात टोपी घेऊन दाराआड थांबत. जिना रिकामा झाला की मगच बाहेर पडत. आपल्यामुळे कुणाला उगाच बोलावं लागू नये, एवढाच हेतू.

असा हा माणूस हेलसिंकीच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या लांबलचक रांगेत अडकला. त्यांना कायानी या त्यांच्या गावाहून आणणारं विमान उशिरा उतरलं होतं आणि टोकियोचं सुटायला आलं होतं. उद्या तिथे त्यांच्या पहिल्या नातीचं बारसं होतं.

"अहो, पुढच्यांना विचारा ना," बायको सिल्वी कुजबुजली.

"ते आपल्या आधीपासून उभे आहेत गं. बरं दिसतं का?"

"आणि आजी-आजोबांशिवाय बारसं झालेलं बरं दिसेल, नाही का?"

तेवढ्यात पुकारा झाला. टोकियोला जाणाऱ्या हुओविला दांपत्याने ताबडतोब विमानाकडे यावं. कार्लोंनी टोपी कपाळावर ओढली.

"दुसरे कुणी असतील."

"हो तर! हुओविलांनी विमानतळ नुसता ओसंडून वाहतोय!" सिल्वीने सरळ हात वर केला. "आम्हीच ते."

रांग एक शब्दही न बोलता बाजूला सरली. कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यामुळे कार्लोंना जरा हायसं वाटलं. खिडकीतल्या बाईने पासपोर्ट पाहून लगेच परत दिले. दोघं धावत सुटले आणि ते आत शिरताच विमानाचं दार लागलं.

धाप ओसरल्यावर कार्लो म्हणाले, "परत येताना आदल्या दिवशीच रांगेत उभे राहू. म्हणजे कुणाला त्रास नको."