जिवंत भेग

गल्लीतल्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन टांगून सोडतात, तो ओळंबा. हा माणूसही तसाच. वाकडं दिसलं की बोलणार, मग समोर सासरा असो की साहेब. "अहो, एखाद्या दिवशी नुसतं बघा, बोलू नका," बायको म्हणायची. "दिसतं त्याला मी काय करू?" हा म्हणायचा.

गल्ली दीडशे वर्षांची. अकरा घरं, तीन मजली, विटांची आणि चुन्याची. दोन घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळे एकानं खिळा ठोकला की शेजारच्याचं कॅलेंडर हलायचं. या भिंती आधी ओळंब्याच्या बापानं सांभाळल्या, मग त्यानं. चुन्याच्या भिंतीजवळ सिमेंटला फिरकू द्यायचं नाही, हा बापाचा एक नियम. दुसरा त्याहून कडक: जिवंत भेग बुजवायची नाही. जिवंत म्हणजे अजून वाढणारी. तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, तारीख लिहायची आणि वर्षभर थांबायचं. काच शाबूत राहिली तर खुशाल बुजवा. तडकली तर भिंत हलतेय, आधी पाया बघा.

कोपऱ्यावरचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. तिच्या वरच्या खोलीतल्या भेगेवर त्यानं दोन वर्षांत दोन काचा लावल्या आणि दोन्ही तडकल्या. त्याच खोलीत दाजी, म्हणजे ताईचे यजमान, चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं, बोलणंही तुटक. खिडकीतून गल्ली दिसायची, येणारा-जाणारा हात करायचा, तेवढीच करमणूक.

अशात बातमी आली की ट्रामचा फाटा वाढवणार, चौकापासून थेट मोठ्या दवाखान्यापर्यंत. सरकारी कागदावर नाव काय, तर हलकी रेल्वे. हलकी म्हणे! चाळीस टनांचं धूड दर सात मिनिटांनी दारावरून जाणार आणि नाव हलकी! मार्ग दोन होते. एक या गल्लीतून, दुसरा मागच्या रुंद रस्त्यानं. कोणता घ्यायचा ते ठरवण्याआधी घराघरात जाऊन भिंतींचा सर्व्हे होणार होता. सर्व्हे कशासाठी, हे मात्र कुणी सांगेना. विचारायला गेलं की "कळवण्यात येईल."

गल्लीनं काय समजायचं ते समजून घेतलं. वीस वर्षांपूर्वी सांडपाण्याची लाइन टाकताना असेच लोक आले होते. भेगा मोजल्या, पलीकडच्या तीन घरांवर 'धोकादायक' असा लाल शिक्का मारला आणि महिन्याभरात ती पाडली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त शाळामास्तर, ओळंब्याकडे आले आणि म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सर्व्हेच्या आधी सगळ्या भेगा बुजवून टाका."

"मास्तर, चष्म्याला तडा गेला तर तुम्ही वरून रंग लावता का हो?"

"अहो, घरं जातील!"

"जिवंत भेग मी बुजवत नाही. दुसरा गवंडी बघा."

मास्तर हात हलवत परत गेले. दुसऱ्या दिवशी ताई आली. ती उंबऱ्यातच बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"यांना कुठं नेऊ सांग. आमचा जिना बघितलास ना? खुर्चीसुद्धा वळत नाही त्यातून. माझी तेवढी बुजव."

"ताई, ती वाढतेय. मी काचा लावल्यात, तू बघितल्यास."

"मला सगळं कळतं रे. पण लाल शिक्का बसला तर मी या माणसाला घेऊन रस्त्यावर उभी राहू?"

इथं ओळंबा हरला. एकीची बुजवली म्हटल्यावर बाकी दहाजण काय गप्प बसतात? आणि चुना वाळायला महिना लागतो, सर्व्हे तर बारा दिवसांवर! मग काय, आणलं सिमेंट. बापानं पाहिलं असतं तर थापी फेकून मारली असती. त्यानं विटांची भुकटी घातली, कोळशाची पूड घातली, चहाचं पाणी शिंपडून नव्या गिलाव्याला जुना रंग आणला. काचेच्या पट्ट्या खरवडून काढल्या. अकरा घरं केली. काम असं बेमालूम की घरमालकांनाच आपली भेग सापडेना. लोक वाहवा करत होते आणि याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

सर्व्हेला एक तरुण इंजिनिअरबाई आली. भिंती ठोकून बघत होती, फोटो काढत होती. ताईच्या वरच्या खोलीत ती बराच वेळ थांबली.

"काका, या भिंतीला कधी भेग होती का?"

सगळी गल्ली दारात उभी होती. ओळंबा म्हणाला, "नाही."

"फार छान राखलीत घरं," ती म्हणाली आणि हातातल्या कागदावर खूण केली.

दोन महिन्यांनी, मार्ग ठरायच्या आधीच, दोन्ही रस्त्यांच्या जमिनीखालचे पाइप हलवायला यंत्रं आली. दिवसभर धडधडाट, कपाटातली भांडी नाचायची. भिंतींना आधार द्या म्हटलं तर मुकादम म्हणाला, "कागदावर तुमची घरं ठणठणीत आहेत." आणि मग कोपऱ्यावर नोटीस लागली. मागच्या रस्त्याच्या इमारतींना भेगा आहेत, त्यामुळे तो मार्ग रद्द. ट्राम या गल्लीतून जाणार. भिंती सुस्थितीत असल्यामुळे रुळांखाली रबराचा थर नको, वेगावर मर्यादा नको, कसलाच बंदोबस्त नको. हरकती शुक्रवारपर्यंत.

ओळंब्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक कार्यालय गाठलं, इंजिनिअरबाईच्या टेबलापुढे उभा राहिला.

"म्हणजे भेगा दिसल्या असत्या तर ट्राम तिकडून नेली असती?"

"किंवा आधी घरांना आधार दिला असता, काका. सर्व्हे त्यासाठीच होता."

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं?"

"माहितीपत्रक वेबसाइटवर होतं."

"वेबसाइटवर! भिंती ठोकायला माझ्या बहिणीच्या घरात तीन मजले चढून येता, आणि सांगायचं असेल तेव्हा वेबसाइटवर? अहो, त्याच जिन्यात उभं राहून एक वाक्य बोलला असतात तर गल्ली खोटं बोलली असती का?"

"खोटं?" तिनं पेन खाली ठेवलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ताकाला जायचं आणि भांडं कशाला लपवायचं? त्यानं सगळं सांगितलं. तिनं सर्व्हेची फाइल पुढे ओढली. मग म्हणाली, "सांगून चालणार नाही. भेग डोळ्यांनी दिसली पाहिजे. एक जरी उघडून दाखवलीत तरी मी अख्ख्या गल्लीचा सर्व्हे पुन्हा लावते. शुक्रवारी सकाळी येते."

गल्लीत येऊन त्यानं दारं ठोठावली. एकानंही भिंत फोडू दिली नाही. मास्तर म्हणाले, "उघडं पडलं तर फसवणुकीत आपल्यालाच धरतील. माझ्या भिंतीला हात लावू नका." कल्पना कुणाची, आणि सोवळं कोण झालं बघा! एकाच्या घरचं पोर आजारी, दुसऱ्याकडे पाहुणे, तिसरा कडी लावून आत बसलेला.

ताई म्हणाली, "माझी फोड."

"ताई, आतून काय निघेल सांगता येत नाही."

"कुणीतरी पहिलं व्हायला नको का?"

शुक्रवारी दाजींचा पलंग खिडकीकडे सरकवला. ओळंब्यानं छिन्नी लावली आणि हातोडा मारला. सिमेंटचा पापुद्रा खापरीसारखा सुटला आणि मागून विटांची भुकटी भसाभस खाली आली. बुजवली तेव्हा भेगेत करंगळी जात होती. आता मनगटापर्यंत हात गेला. ओल आत कोंडून चुन्याचा चिखल झाला होता, यंत्रांच्या धडधडाटानं विटा सुटल्या होत्या, आणि वरच्या टोकाला चक्क शेजारच्या खोलीतला उजेड दिसत होता. उघडी असती तर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. इंजिनिअरबाईचा चेहरा पांढरा पडला.

"काका, हे घर आज रिकामं करावं लागेल. आत्ता."

दाजींना चादरीत घालून चौघांनी खाली आणलं. जिन्याच्या वळणावर त्यांचं डोकं ओळंब्याच्या छातीवर होतं. "कुठं? कुठं?" ते विचारत होते. ओळंबा दात-ओठ खात एकेक पायरी उतरला.

बाई शब्दाला जागली. पुन्हा सर्व्हे झाला, आणि आता लोकांना काय घाई! "आमची आधी फोडा, आमची आधी!" सहा आठवड्यांनी नवा आदेश आला. ट्राम मागच्या रस्त्यानं जाणार, तिथल्या इमारतींना आधी आधार देऊन, खाली रबर घालून. गल्लीतल्या दहा घरांची दुरुस्ती सरकार करणार. कोपऱ्यावरचं अकरावं दुरुस्तीपलीकडे गेलेलं, ते उतरवून घेणार.

मास्तर ओळंब्याकडे आले. दोन खोल्यांचं घर, त्यात आता दाजींचा पलंग. खिडकीसमोर मागची बोडकी भिंत. मास्तरांना बसायला जागा नव्हती, ते उभ्यानंच बोलले.

"काही म्हणा, तुमच्यामुळे गल्ली वाचली."

ओळंब्याचा हात दाराकडे गेला. दोन शिव्या ओठांवर होत्या. पण त्याच्याआधी ताई बोलली. ती दाजींना पेज भरवत होती. चमचा वाटीत ठेवून तिनं वर पाहिलं.

"गल्ली वाचली म्हणता, मास्तर. मग मी कुठं राहत होते?"