डोंग्यात गेलेला नांगर

आमच्या घरी नांगर म्हणजे शेताचा. लोखंडी, जड, ट्रॅक्टर आल्यापासून ओसरीच्या कोपऱ्यात उभा. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, एरवी त्याच्यावर कोणी टॉवेलसुद्धा टाकत नाही.

पण चौथीच्या पुस्तकात जहाजाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, जहाजाने नांगर टाकला. मला वाटलं, समुद्रातही पेरणी होत असेल. गुरुजींना विचारायला तोंड उघडेना. मग शाळाच सुटली आणि शंका तशीच राहिली. लग्न झाल्यावर आम्ही नांदेडला गुरुद्वारात गेलो, तिथे लंगर म्हणजे पंगत, पोटभर जेवण. आणि आमच्या गावाखाली पैनगंगेत डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवतो तो माणूस डोंगा थांबवायच्या वजनाला कधी लंगर म्हणतो, कधी नांगर. शेतात नांगर सोडला म्हणजे काम संपलं, बैल मोकळे. डोंग्यातून नांगर सोडला म्हणजे डोंगा अडकला. एकाच शब्दाने मोकळंही व्हायचं आणि अडकायचंही, हे मला अजून नीट उमगत नाही.

यंदा पोळा झाल्यावर भावाचा फोन आला. माझं माहेर नदीपलीकडे, महाराष्ट्रात; सासर अलीकडे, तेलंगणात. "माय जेवून नाही राह्यली. तुयीच आठवन काढते. आजच ये."

नवरा कामावर बाहेरगावी होता. बसने जायचं तर जैनथवरून मोठा फेरा. बसवरची पाटी तेलुगूत, मला ती वाचता येत नाही, आणि अनोळखी माणसाला विचारणं मला जमत नाही. म्हणून मी नदीवर गेले. डोंगा काठाशी रिकामाच उभा होता.

डोंगेवाला म्हणाला, "कसा नेऊ वहिनी? पलीकडच्या ज्या बाभळीले दोर बांधत होतो, ते पुरात गेली. दगड टाकला तर चिखलात घसरते. बाया उतरेपर्यंत डोंगा धारेले लागन." मग म्हणाला, "तुमच्या घरचा नांगर पडला हाय न? त्याचा फाळ रुतते चांगला. तो द्या, आत्ता नेतो."

मी नवऱ्याला फोन लावला. तिकडे मशीनचा आवाज. "दे न," तो म्हणाला, "तसाबी पडूनच हाय." एवढंच. डोंगेवाल्याने नांगर खांद्यावर घेतला आणि आमच्या मोठ्या दारातून भर गल्लीतून नेला. मी मागे पिशवी घेऊन. ओट्यावरच्या म्हाताऱ्या बोलणं सोडून नांगराकडे बघू लागल्या. एकीने विचारलं, "कधी झालं वो बाई?" मला वाटलं, आईबद्दल विचारते. मी म्हटलं, "आजच." ती कपाळाला हात लावून बसली.

आम्ही डोंग्यात चढलो तोच बांधावरून माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, धावत आले. आम्ही एकाच घरात राहतो, पण मी त्यांच्याशी कधी बोललेली नाही. आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. मी पदर ओढून पाण्याकडे तोंड केलं.

"नांगर काऊन काढला?" ते डोंगेवाल्यावर ओरडले. "साऱ्या गावात बोलून राह्यले का भाऊ भाऊ वेगळे निघाले. माह्या घराची वाटनी झाली अन् मलेच मालूम नाही!"

तेव्हा मला कळलं. घरचा नांगर मोठ्या दारातून शेताखेरीज कुठे गेला, तर तो एका भावाच्या वाटणीत गेला, असं इथे मानतात. नवऱ्याला हे आठवलं नव्हतं की त्याला ते खरंच वाटत नाही, कोण जाणे. आणि मी त्या म्हातारीला स्वतःच्या तोंडाने आजच म्हणाले होते. भासऱ्यांचा चेहरा मी पाहू शकत नव्हते, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी नांगर परत नेला असता तर आई पलीकडे तशीच राहिली असती. सांगायचं त्यांनाच होतं, आणि त्यांच्याशीच बोलता येत नव्हतं.

मी डोंगेवाल्याला हळूच म्हटलं, "सांगा त्यायले, माय बिमार हाय. पलीकडं डोंगा थांबवाले पायजे."

भासरे हाताच्या अंतरावर होते, तरी ते डोंगेवाल्याचीच वाट पाहत राहिले. तो म्हणाला, "ऐकलं न जी तुमी? का पुन्हा सांगू?"

"तू सांग."

त्याने शब्दन् शब्द सांगितला. भासरे चपला हातात घेऊन डोंग्यात चढले आणि नांगराच्या मुठीवर हात ठेवून बसले. "घरचा मानूस संगं असला का वाटनी होत नाही. चल."

असा नियम खरंच आहे का, की त्यांनी तो तिथेच केला, मला माहीत नाही. मी कोणाला विचारलेलं नाही.

मध्यावर पाणी उडालं. भासरे म्हणाले, "सांग त्यायले, लाकूड धरून बसा."

डोंगेवाला हसला. "मी वल्हं मारू का तुमचे निरोप पोचवू?"

पलीकडे भासऱ्यांनी स्वतः नांगर पाण्यात सोडला. फाळ रुतला, दोर ताठ झाला, डोंगा थांबला. मी उतरले. ते डोंग्यातच बसून राहिले.

आई खाटेवर होती, अगदी एवढीशी. तिने मला ओळखलं. माझा हात चाचपला आणि विचारलं, "कोनासंगं आली?"

"भासऱ्यासंगं."

तशी ती दचकली. दोन दिवस कूस बदलली नव्हती म्हणे, पण तिने पदर ओढून डोकं झाकलं आणि दाराकडे पाहिलं.

"ते नदीवर हायेत माय. डोंग्यात. नांगर धरून."

"नांगर? डोंग्यात?" आई माझ्याकडे बघत राहिली. मी सुरुवात कुठून करायची तेच शोधत होते, तेवढ्यात ती भावजयीला म्हणाली, "व्याही उन्हात बसले अन् तुमी काय पायता? चहा पाठवा. अन् मलेबी आना घोटभर."