हसीनाभाभींच्या शिंका

काष्टीत आमच्या मेडिकलला लागून हसीनाभाभींचं पार्लर आहे. पार्लर म्हणजे पत्र्याची एक खोली, मोठा आरसा, आणि एके काळी फिरत असलेली खुर्ची. दाराला फुलाफुलांचा पडदा. बोर्डावर मेंदी, फेशियल, नवरीचा मेकअप असं बरंच काही लिहिलेलं आहे, पण बायका येतात त्या मुख्यतः आयब्रो करायला. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका भाजीच्या पिशव्या दाराशी ठेवून आत नंबर लावून बसतात.

डी. फार्म. झाल्यावर मी या मेडिकलवर लागले आणि पहिल्याच आठवड्यात भाभींच्या खुर्चीत बसले. तेव्हापासून माझ्या भुवयांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

भाभींचं माहेर नेवाशाचं. लग्नाआधी नगरला मामेबहिणीकडे राहून त्या हे काम शिकल्या. शिकाऊ मुलीला कोण आपली भुवई देणार? म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या पायावरचे केस काढत हात बसवला. "पाय कोंबडीसारखा सोललेला दिसायचा," असं त्या सांगतात. सासूबाईंना दुकान पसंत नव्हतं, पण त्यांचे मालक गनीभाई यांनी टेम्पोच्या फेऱ्या सांभाळून स्वतःच्या हातानं ही खोली उभी केली. दहावी नापास बाईला गावात दुसरं काय काम मिळणार होतं, हे त्यांना माहीत होतं. शेत नाही, जनावर नाही. हात आणि दोरा, एवढंच भाभींचं भांडवल.

आता हा दोरा कसा चालतो ते सांगते, कारण सगळी अडचण तिथंच आहे. दोऱ्याचं एक टोक दातात घट्ट धरायचं, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांवर घेऊन त्याला मधे पीळ द्यायचा आणि तो पीळ कात्रीसारखा उघडझाप करत भुवईवरून फिरवायचा. हातांइतकंच काम मान करते. म्हणजे कारागिराचं तोंड गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मास्क लावता येत नाही, कारण दोरा दातात आहे. आणि अशा वेळी शिंक आली, तर मान झटका खाते, मानेबरोबर दोरा, आणि दोऱ्याबरोबर जे काही पिळात सापडलं असेल ते.

पाऊस ओसरला की आमच्या दुकानांमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं वाढतं. गणपतीच्या सुमारास त्यावर पांढरी बारीक फुलं येतात, दुरून मीठ शिंपडल्यासारखी दिसतात. ती फुलं आली की भाभींची शिंक सुरू होते. एक आली की मागून माळच लागते. डोळे लाल, नाक गळतंय, टाळूला अशी खाज की जिभेनं टाळू खाजवताना टक् टक् आवाज येतो. "आतमधी मुंग्या फिरत्यात," त्या म्हणायच्या. थंडी पडली की सगळं आपोआप बंद. पण नवरात्र आणि दिवाळीची गर्दी नेमकी त्याआधी असते.

दरवर्षी थोडंफार चालून जायचं. गेल्या वर्षी मात्र त्रास फारच वाढला. मी त्यांना नेहमीची ॲलर्जीची गोळी दिली, तर शिंका कमी झाल्या, पण भाभी दुपारी खुर्चीशेजारीच पेंगायला लागल्या. एका बाईनं म्हणे विचारलं, "भाभी, तुमी खुर्चीत बसता का? माझं मी करून घेते." नाकात मारायचा स्प्रेही झाला. मग त्या तोंडाला ओढणी बांधायला लागल्या. घरून येताना, जाताना, गिऱ्हाईक नसताना, सारखी नाकातोंडावर ओढणी. रोज धुतलेली, स्वच्छ. तरी शिंका आपल्या चालूच.

आणि मग पंकजाचं प्रकरण झालं.

पंकजा लंकाबाईंची मुलगी. घर मळ्यात, पण ती पोलीस भरतीच्या अभ्यासासाठी रोज गावात येते. तिला बघायला पाहुणे येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी ती भाभींकडे आली. डावी भुवई सुरेख झाली. उजवी होत आली होती. मला भिंतीपलीकडून शिंक ऐकू आली आणि पाठोपाठ पंकजाचं "अगं आई गं". मी पळत गेले, तर भुवईचं शेपूट गेलं होतं. पार नाही, पण डावी पूर्ण आणि उजवी अर्धवट, चेहरा कायम काहीतरी विचारतोय असा.

भाभींनी पेन्सिल काढली, रंगवून दिलं, पैसे घेतले नाहीत. पंकजा कपाळावर हात धरून घरी गेली. बोलल्या त्या लंकाबाई, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भर रस्त्यावर.

"काय गं हसीना, पोरीचं तोंड व्हतं का बाजरीचं शेत? निम्मं काढलं, निम्मं ठेवलं?"

"मावशी, चुकलं माझं. शिंक आली वो."

"शिंक येती तर घरी बसावं. पाव्हन्यांपुढं पोरगी सारखी कपाळावर हात लावून बसली. त्यांना वाटलं डोकं दुखतंय."

भाभींनी मान खाली घातली. लंकाबाईंचा आवाज ऐकून समोरच्या चहावाल्याकडची माणसं बघत होती. त्यानंतर चार बायकांनी तरी मला विचारलं, की चौकातलं नवीन एसीचं पार्लर कसं आहे.

गनीभाई त्या आठवड्यात मेडिकलवर आले. "तुमीच सांगा तिला," ते मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बंद ठेव म्हणलं. आपल्याला टेम्पो हाय. लोकांची बोलणी कशाला?"

भाभी पडद्यातूनच म्हणाल्या, "टेम्पो तुमचा हाय. माझं हे हाय. एकदा दोन महिने बंद ठेवलं की बायका दुसरीकडं बसत्यात, परत उठत न्हाईत."

"मग शिंकत बस."

"बसते."

पण त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात. सकाळी मेडिकल उघडायच्या आधीच दारात उभ्या. "ते इंजेक्शन असतंय ना, एक घेतलं की समदा सीझन जातो? माझ्या चुलतजावेनं घेतलं हुतं. ते दे मला."

मी म्हटलं, असलं इंजेक्शन मी देणार नाही, आधी नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग म्हणाल्या, "तू येत असशील तर जाऊ. त्या मोठ्या डॉक्टरांचं बोलणं मला समजत न्हाई, आन् मी काय सांगते ते त्यांना समजत न्हाई."

श्रीगोंद्याला कान-नाक-घशाच्या एक डॉक्टर बसतात. त्यांनी नाकात उजेड टाकून बघितलं, छाती तपासली, मग खुर्ची पुढं ओढून विचारलं, "त्रास कधी होतो हे सांगितलंत. बरं कधी वाटतं?"

भाभींना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "वजू केल्यावर," त्या म्हणाल्या.

"म्हणजे नमाजाआधी हातपाय धुता ते?"

"व्हय. नाकात पण पाणी घेतो आमी, तीन वेळा. नाक असं मोकळं होतंय की वाटतं आता गेलं. पण नमाज पुरी व्हायच्या आत परत सुरू. लोकांची नमाज, माझी शिंकाशिंक."

"वजू झाल्यावर लगेच काय करता?"

"काय करनार. तोंड पुसते."

"कशानं?"

"ओढणीनं. दुसरं काय असतंय जवळ?"

"ती वाळत कुठं घालता?"

मला उत्तर माहीत होतं, कारण मी ती ओढणी रोज बघत होते. मेडिकलच्या मागच्या खिडकीतून दिसते. पार्लरचे टॉवेल, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती लावायचं कापड आणि भाभींच्या दोन ओढण्या, सगळं मागच्या तारेच्या कुंपणावर. त्या कुंपणाला टेकून, काही ठिकाणी तारेच्याही वर, फुललेलं गाजरगवत.

"मागं तारंवर," भाभी म्हणाल्या. "ऊन लई चांगलं हाय तिथं."

"आणि तिथं गाजरगवत आहे."

"ते समदीकडंच हाय."

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "गवताच्या फुलातली धूळ डोळ्यांना दिसत नाही. ओलं कापड तिथं टाकलं, की ती त्यावर बसते. तुम्ही ओढणी धुता, मग त्या धुळीत वाळवता आणि दिवसभर नाकावर बांधता. वजू करून नाक धुऊन काढता आणि त्याच ओढणीनं परत भरता."

भाभींनी खांद्यावरची ओढणी हळूच काढली, घडी केली, आणि मांडीवर ठेवायची की नाही ते न कळल्यासारखी हातात धरून ठेवली. "म्हणजे मीच?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही, ती जागा."

स्प्रेचंही असंच निघालं. त्या शिंका आल्या की डोकं मागं टाकून स्प्रे मारायच्या आणि तो घशात उतरला की "कडू लागतंय, काय फायदा न्हाई" म्हणून ठेवून द्यायच्या. मी तो विकताना कसा मारायचा ते सांगितलं होतं, पण दाखवलं नव्हतं. डॉक्टरांनी दाखवलं. मान थोडी खाली, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडं नाही तर बाहेरच्या बाजूला, जोरात ओढायचं नाही. रोज मारायचा, शिंक असो वा नसो, आणि गुण यायला दिवस लागतात. पुढच्या वर्षी फुलं यायच्या आधीच सुरू करायचा. झोप कमी आणणारी दुसरी गोळी दिली. इंजेक्शनचं विचारल्यावर डॉक्टर म्हणाल्या, आराम पडतो म्हणून दरवर्षी ते टोचून घेणं चांगलं नाही, साखर वाढते, बाकीही त्रास होतात.

परत येताना एसटीत भाभी खिडकीपासून लांब बसल्या. श्रीगोंदा मागं पडल्यावर म्हणाल्या, "लंकामावशीला कळलं तर म्हणतील, हसीना नाकात गवत पेरून बसली हुती."

त्या दिवसापासून कपडे पार्लरच्या आत, खुर्चीच्या वर बांधलेल्या दोरीवर वाळायला लागले. खोली लहान. खुर्चीत बसलेल्या बाईच्या डोक्यावर टॉवेल लोंबायचा, कधी थेंब पडायचा. "भाभी, आंघोळीचे वेगळे पैसे का?" असं बायका म्हणायच्या. वजूनंतर पुसायला घरातल्या दोरीवरचा वेगळा रुमाल आला. गनीभाईंनी एका सकाळी, दहिवरानं फुलं ओली असतानाच, कुंपणाजवळचं गवत उपटलं, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. भाभींना त्या दिवशी त्यांनी दुकानात येऊ दिलं नाही. बाकी प्लॉटवर गवत होतंच. सगळ्या गावात होतं.

गुण एकदम आला नाही. पहिल्या आठवड्यात भाभी वैतागून म्हणाल्या की डॉक्टरनं उगीच ओढणीच्या मागं लावलं. मग हळूहळू माळ तुटायला लागली. आधी शिंक न सांगता यायची, एकामागून एक. आता नाक आधी सळसळायचं, मधे जरा वेळ मिळायचा. "येताना आवाज देती आता," त्या म्हणाल्या. मी भिंतीपलीकडून ऐकत असे. कधी कधी अख्खी दुपार काहीच ऐकू यायचं नाही.

तरी गिऱ्हाईक परतलं नव्हतं. नवरात्र असंच गेलं. बायका पडद्यात डोकावून आधी भाभींच्या नाकाकडं बघायच्या.

दिवाळीच्या थोडं आधी पंकजा आली. त्या पाहुण्यांकडूनच होकार आला होता आणि साखरपुडा ठरला होता. भुवई भरून आली होती. बरोबर लंकाबाई होत्या. मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीही जाऊन उभी राहिले.

"मी म्हणत हुते चौकात जाऊ," लंकाबाई बसता बसता म्हणाल्या. "पण हिचं म्हणणं, तिथली पोरगी भुवई काडीवानी करती."

"माझा आकार भाभींनाच माहीत आहे," पंकजा म्हणाली.

भाभींनी हात धुतले, पावडर लावली, दोरा दातात धरला. उजव्या भुवईपासून सुरुवात केली, जी मागच्या वेळी गेली होती. सावकाश, दोन-दोन केस. लंकाबाई पुढं वाकून बघत होत्या, जणू गाईची धार कुणी दुसरं काढतंय. उजवी पूर्ण झाली. भाभी डावीकडं वळल्या, पीळ फिरायला लागला, आणि मधेच थांबला.

त्यांनी दात उघडले. दोरा सैल होऊन पंकजाच्या गालावर पडला. भाभी दोन पावलं मागं सरल्या, पडदा बाजूला केला आणि बाहेर गेल्या. रस्त्याच्या बाजूला तोंड करून शिंकल्या. एक. मग अजून एक. मग नळाचं पाणी वाजलं, नाक धुतल्याचा आवाज आला.

आत कुणी हललं नाही. पंकजा डोळे मिटून, दोन बोटांनी डावी पापणी ताणून तशीच बसली होती.

"उठायचं का गं?" लंकाबाईंनी अर्धवट उठत तिला हळूच विचारलं. "बघ, आजूनबी वेळ हाय."

"एका भुवईवर कुठं जाऊ, आई? बस ना."

लंकाबाई बसल्या.

भाभी आत आल्या, दोरीवरच्या वाळलेल्या टॉवेलनं तोंड पुसलं, हात परत धुतले. नवा दोरा तोडून घेतला. खुर्चीजवळ येऊन पंकजाला म्हणाल्या, "ताण नीट."

पंकजानं पापणी ताणली. लंकाबाईंनी पिशवीतून पानाचा डबा काढला आणि चुना शोधू लागल्या. थोड्या वेळानं, भुवईकडं न बघताच, त्यांनी विचारलं, "माझ्या हनुवटीवर चार केस आलेत. तेचं काय घेतीस?"

भाभींच्या दातात दोरा होता. त्यांनी फक्त भुवई उंचावून थांबायची खूण केली.