सरांचा तोल गेला तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही माणिकपूरला फ्लॅट घेतला. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि फार तापट. दूध नासलं तरी माझा अख्खा दिवस नासायचा. शेजारणीने सुचवलं म्हणून मी आमच्याच बिल्डिंगमधल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांच्या वर्गाला जाऊ लागले. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर आम्ही आठ-दहा जण बसायचो. वर्षभर विषय एकच, स्थितप्रज्ञ.

सर सांगायचे, "सुख येणार, दुःख येणार. आपण त्यांच्यामागे फरफटत जायचं नाही. हे एकदम जमत नाही, सवयीने जमतं." मी वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी जाऊन मुलीवर ओरडायचे.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, जवळच्याच होळी गावातल्या बागायतदार घरातल्या. त्या वर्षी त्यांना विसर पडू लागला. आधी गॅस बंद करायचा राहायचा, मग माणसं ओळखू येईनात, मग स्वतःचं घरच परकं वाटू लागलं. वर्ग चालू असताना त्या पिशवी घेऊन दारात उभ्या राहायच्या. "मला घरी सोडा. वाडीत पाणी सोडायचं राहिलंय." सर उठायचे, चप्पल घालायचे, त्यांना खाली एक फेरी मारून आणायचे आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचे. आम्हाला वाटायचं, स्थितप्रज्ञ तो हाच.

एका गुरुवारी काकू पाचव्यांदा की सहाव्यांदा उठल्या. "तुम्ही कोण? मला कोंडून का ठेवलंय?" सरांनी हात धरला, तो त्यांनी झटकला. आणि सर ओरडले, "बस खाली! किती वेळा सांगायचं?" काकू मटकन खाली बसल्या आणि कानांवर हात ठेवून रडू लागल्या. आम्ही वह्या आवरून गुपचूप निघालो. खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

पुढच्या गुरुवारी निम्मेच आले. सर म्हणाले, "मागच्या वेळी माझा तोल गेला. ती घाबरली. तिला आता ते आठवत नाही, मला आठवतं. वर्ग बंद करतो. हा वेळ तिला द्यायला हवा."

एकाने चाचरत विचारलं, "मग सर, इतक्या वर्षांचा अभ्यास?"

"अभ्यास होता म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर जाऊन बसता आलं," सर म्हणाले.

त्यानंतर ते रोज दुपारी काकूंना रिक्षाने होळीला त्यांच्या भावाच्या वाडीत न्यायचे. एकदा मीही सोबत गेले. काकू पाटाच्या कडेला बसून हाताने माती सारत होत्या, पाणी केळींकडे वळवत होत्या. शेजारी बसलेल्या सरांना त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?"

"इथलाच जावई."

"हो का? मग चहा घेऊन जा."

सर हसले आणि त्यांनी डोळे पुसले. माझ्यापासून तोंड फिरवलं नाही.

काकू दोन वर्षांनी गेल्या. वर्ग परत सुरू झाला नाही. मी अजूनही चिडते. पण चिडल्यावर मुलीच्या खोलीत जाऊन "माझं चुकलं" म्हणायला तेव्हापासून शिकले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिने पुस्तक बाजूला ठेवलं आणि ताप आहे का म्हणून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.