चार घोड्यांचं पत्र

मंडळी, आज सकाळी आईची पेटी आवरताना जुने लिफाफे सापडले. बाबा माजरीच्या कोळसा खाणीत होते तेव्हाचे, म्हणजे १९५०च्या दशकातले. सगळे धानोऱ्याला आईच्या नावानं आलेले. उघडले तर प्रत्येकात कोरा कागद!

"आई, बाबांनी काही लिहिलंच नाही?"

"तुया बापाले लिवता कुठी येत होतं? आन मले वाचता? तिकीट पाह्य ना."

तेव्हाच्या टपाल तिकिटांवर देशातली प्राचीन शिल्पं असायची. काही लिफाफ्यांवर दोन आण्यांचा एकच नटराज होता. काहींवर अर्ध्या आण्याचे, कोणार्कचे चार घोडे ओळीनं चिकटवलेले.

दोघांचं ठरलेलं होतं. नटराज म्हणजे मी बरा आहे. घोडे म्हणजे घरी येतोय.

"मग आत कोरा कागद कायले?"

"खाली लिफाफा धाडनं बरं दिसते का?"

हसून हसून पुरेवाट झाली. पोस्टातला बाबू पत्ता लिहून देताना दर वेळी बाबांना विचारायचा म्हणे, "आज देव का घोडे?" त्या भल्या माणसाचं नावही आईला ठाऊक नाही. त्याचे आभार इथेच मानतो.

दुपारी हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकलं. आत्ता पुण्याहून लेकीचं उत्तर आलं. अक्षर एक नाही, नुसते चार घोडे.

मोबाइल आईपुढे धरला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कवा येऊन राह्यली?"