हिलालभाऊ, तुझा पिक्चर हाऊसफुल्ल!

माझा भाऊ दारूने गेला.

अटॅकने नाही. दारूने.

तीन वर्षं आम्ही घरचे "अटॅक आला" म्हणून सांगत राहिलो, आणि तुम्ही सगळ्यांनी ते मानल्यासारखं केलंत. आज त्याच्या पुण्यतिथीला हे उघड लिहितेय. आणि खरं सांगू? इतका आनंद झालाय की टाइप करताना बोटं थांबत नाहीयेत!

कारण आज धुळ्यात हिलालभाऊचा पिक्चर लागला!!

हो, माझ्या भावाचा! डॉक्युमेंटरी म्हणायचं असतं म्हणे. आमच्या दोंडाईच्याकडची मंडळी पिक्चरच म्हणतात, आणि पिक्चरला येतात तशीच शिट्ट्या मारत आली.

हॉल फुल्ल. जिन्यावर माणसं. देवपुरातल्या माझ्या शेजारणींनी तर एसटीत टाकतात तसे रुमाल टाकून दुपारीच जागा धरल्या होत्या.

ज्यांना भाऊ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊ हळदीच्या कार्यक्रमात अहिराणी गाणी म्हणायचा. पिवळ्या फेट्याचं गाणं त्याचंच. ते मोबाईलवर फिरलं आणि बघता बघता सुरतेपासून वरणगावपर्यंत लोक त्याच्या तारखा बघून लग्नं ठरवायला लागले. मुहूर्त नंतर, आधी हिलालभाऊ मोकळा आहे का ते विचारा!

गळाच तसा होता. मानपानावरून भांडणारे व्याही भांडण अर्धवट सोडून ऐकत बसायचे.

पिक्चर बनवला नसरीनने. जळगावची पोरगी. तिचे वडील लग्नांचं शूटिंग करायचे, त्यामुळे घरात जुन्या लग्नांच्या सीडींचा ढीग. त्यातल्या निम्म्या लग्नांत भाऊ गातोय.

त्यात नसरीनला काय दिसलं माहितीये?

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. गाणं आवडलं की कुणीतरी स्टेजवर चढतं आणि गायकाच्या हातात ग्लास देतं. दिसायला कोल्ड्रिंक. आत काय असतं ते सगळ्या मांडवाला माहीत. घेतला नाही तर देणाऱ्याचा अपमान.

मी एकदा भाऊला खूप बोलले होते. तो हसून म्हणाला, "मंगल, नई म्हनं का लोकेस्ले वाईट वाटस."

पुढे पुढे लोकांनी ग्लास दिला नाही तर तो स्वतःच मागायला लागला. वरणगावच्या एका हळदीत त्याच्या हातातून माइक पडला. स्वतःचंच गाणं त्याला आठवेना. लोकांना वाटलं, भाऊ गंमत करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसांत आई घरातला त्याचा प्रत्येक ग्लास उचलून वास घ्यायची. पाण्याचा पण. चहाचा पण. तो बाहेर गेला की गुपचूप.

हे मी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं होतं. आईला न विचारता.

नसरीनने मात्र आईला आधीच सांगितलं होतं, "अक्का, पहिला शो तुम्ही बघा. तुम्ही नको म्हणालात तर हा पिक्चर पुन्हा कुठेच लावणार नाही."

आज आई हॉलमध्ये माझ्या शेजारी तोंडाला पदर लावून बसली होती.

मग तो भाग आला.

नसरीनने सगळ्या सीडींतले नुसते हात जोडलेत. ग्लास देणारे हात. घड्याळाचा हात. अंगठ्यांचा हात. कुणाच्या मामाचा सोन्याचं कडं घातलेला हात. मागे भाऊ गातोय. बाकी एक शब्द नाही.

आधी हॉलमध्ये हशा पिकला.

"हाऊ ते मना हात शे!"

"अरे, हाऊ ते आपला नाना शे!"

लोक स्वतःला ओळखत होते, एकमेकांना कोपरं मारत होते. हात येतच राहिले. हसणं कमी कमी होत गेलं. शेवटी पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

पिक्चर संपला. शाल झाली, नारळ झाला. कुणीतरी आईच्या हातात माइक दिला. आता ही काय बोलते!

आई म्हणाली, "मना पोऱ्या अटॅकमा नई गया. तुम्हीन त्याले लाडमा पाजी. मी लाजमा दपाडी. आते दपाडानं नई. हाऊ पिक्चर गावेगाव दखाडा."

(दपाडणं म्हणजे लपवणं, दखाडणं म्हणजे दाखवणं. पुण्यामुंबईच्या मित्रांसाठी सांगितलं.)

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! नसरीन रडतेय, मी रडतेय, माझ्या शेजारणी माझ्यापेक्षा जास्त रडतायत!

मग भाऊचं गाणं म्हणायला सचिन स्टेजवर आला. सध्या हळदी गाजवणारा तोच. पहिलं कडवं झालं, आणि काय सांगावं, पुढच्या रांगेतले एक आबा उठले आणि निव्वळ सवयीने ग्लास घेऊन स्टेजवर चढले.

अख्खा हॉल गार. आबांच्या लक्षात आलं आणि त्यांचा हात तसाच मध्ये राहिला.

आई खुर्चीतून उठली. आबांच्या हातातून ग्लास घेतला. जे घरात गुपचूप करायची ते तिने सगळ्यांसमोर केलं. ग्लास नाकाशी नेला.

मग सचिनकडे धरला.

"पानीच शे," आई माइकवर म्हणाली. "पी, भाऊ."

हिलालभाऊ, काय हसला रे हॉल! काय रडला! आणि सचिन तुझं गाणं शेवटपर्यंत गायला, एकही ओळ न विसरता.

उद्या दोंडाईचा, मग जळगाव. तुझ्या तारखा परत लागल्यात.

जा आता निवांत. तुझ्या बहिणीची ही श्रद्धांजली, पहिल्यांदाच खोटं न बोलता वाहिलेली.